तारीख मिळेल का, तारीख?

मुंबईत लग्नाला मुहूर्त आणि नाटकाला तारीख एवढ्या दोन गोष्टी जुळल्या की पुढचे सारे कसेही निभावते. त्यातला मुहूर्त निदान पंचांगात छापलेला तरी असतो. तारखेचे पंचांग मात्र नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर, एका जाडजूड वहीत असते, आणि ती वही आपल्यासारख्या परक्या माणसाला सहसा उलटीच दिसते. नाटकाला जाणारे आपण सारे पुढच्या दाराने जातो. तिकिटाचा अर्धा तुकडा, तिसरी घंटा, मध्यंतरातला बटाटेवडा आणि घरी परतताना बसच्या रांगेत नटनट्यांची उणीदुणी, एवढाच आपला त्या जागेशी संबंध. ज्या खुर्चीत आपण रेलून बसतो ती खुर्ची, तो पडदा आणि त्या पडद्यामागचा काळोखसुद्धा कोणी तरी चार तासांच्या बोलीवर भाड्याने घेतलेला आहे, हे कशाला लक्षात येते! माझ्याही ते आले नसते. पण मी एका महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि मराठीच्या बाई म्हटल्या की वाङ्मय मंडळ, हस्तलिखित आणि नाटक ही तीन गाठोडी आपोआप त्यांच्या डोक्यावर येतात.

गेल्या वर्षी आमच्या मुलांनी एक वेगळेच खूळ काढले. म्हणाली, "मॅडम, यंदा स्पर्धा नको. आपण आपला महोत्सव करू या." तीन संध्याकाळी, पाच एकांकिका, एक भारूड आणि मुलींनी बसवलेले एक नृत्यनाट्य. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा प्रयोग बघतात कोण, तर तीन परीक्षक आणि समोरच्या संघांची हुल्लडबाज पोरे. ज्यांच्या घरातल्या गोष्टी ही मुले लिहितात, ती घरची माणसे तिथे कधी फिरकतच नाहीत. या मुलांना आपल्या आईबापांसमोर, चाळीतल्या काकामावश्यांसमोर नाटक करायचे होते. कॉलेजचे सभागृह दुरुस्तीसाठी बंद. तेव्हा जागा बाहेर शोधणे आले.

तिजोरीत छत्तीस हजार रुपये होते. म्हणजे दर संध्याकाळी बारा. त्यांतून दिवे आणि ध्वनी यांच्या भाड्याचे पाच हजार वजा, नेपथ्य वाहून नेणाऱ्या टेम्पोचे आणि हमालीचे दोन वजा. उरले पाच. पाच हजारांत दीडशे खुर्च्यांची, काळोख करता येईल अशी एक खोली हवी. गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांपैकी कुठेही चालेल. एका शनिवारी सकाळी मी, मंडळाची चिटणीस असलेली लालबागची मुलगी आणि गिरगावात राहणारा एक दिग्दर्शक असे तिघे या मोहिमेवर निघालो.

आरंभ गिरगावापासून करणे रीतीला धरून होते. मराठी नाटकाचा आणि मुंबईच्या भाडोत्री जागेचा पहिला संबंध याच बाजूला जुळला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते राजाश्रयाने. पण पुढे ते मंडळी घेऊन मुंबईत आले आणि १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. जगन्नाथ शंकरशेटांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ते नाटकगृह मुळात इंग्रजी खेळांसाठी होते. सांगलीकर मंडळींनी तिथे तारीख कशी मागितली असेल, आणि मिळेपर्यंत किती खेटे घातले असतील, हे कोणा संशोधकाने शोधून काढले तर मी ते पुस्तक पहिल्या दिवशी विकत घेईन. त्या नाटकगृहाचा आज मागमूस नाही. काळबादेवीचे भांगवाडी, जिथे गुजराती रंगभूमीने वर्षानुवर्षे बिऱ्हाड केले होते, तेही गेले. रॉयल ऑपेरा हाऊस तेवढे उभे आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९९३ साली ते बंद पडले आणि २०१६ साली डागडुजी होऊन नव्या दिमाखात पुन्हा उघडले. त्याच्या पुढ्यातून जाताना आमचा दिग्दर्शक थबकला. "नुसतं विचारून बघू या का?" मी त्याला दंडाला धरून पुढे काढले. पाच हजारांत तिथल्या झुंबराकडे पाहायलाही कोणी देणार नाही, अशी माझी खात्री होती.

केळेवाडीतून आत शिरलो. डॉ. भालेराव मार्ग हे नाव नगरपालिकेच्या पाटीवर आहे, जिभेवर अजून केळेवाडीच. या गल्लीत मुंबई मराठी साहित्य संघाचे रंगमंदिर आहे. संघ १९३५ सालचा. त्याचे प्राण म्हणजे डॉ. अमृत नारायण भालेराव. मराठी रंगभूमीला शंभर वर्षे झाली तेव्हा व्यावसायिक नाटक जवळजवळ भुईसपाट झाले होते. बोलपटांनी नाटकगृहेच्या नाटकगृहे गिळली होती. अशा वेळी १९४४ साली डॉक्टरांनी मुंबईत मैदानात मंडप घालून शताब्दी नाट्यमहोत्सव केला आणि लोकांची झुंबड उडाली. जागा नाही तर मंडप, मंडप नाही तर उघडे आकाश, हा त्यांचा खाक्या. केळेवाडीतही आधी खुले नाट्यगृहच होते; तिथे उघड्यावर प्रयोग होत. पक्के रंगमंदिर १९६४ साली उभे राहिले. ते पाहायला डॉक्टर राहिले नव्हते.

साहित्य संघात मी अनेकदा प्रेक्षक म्हणून गेलेली आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तिथे बसून ओळीने हौशी प्रयोग पाहणे हा एक संस्कारच आहे म्हणा ना! त्यातले पाच वाईट, दोन बरे, आणि एखादे असे निघते की चर्नी रोड स्टेशनापर्यंत पाय जमिनीला लागत नाहीत. पण त्या दिवशी मागच्या बाजूने रंगमंच पाहिला आणि आमची मुले एकदम गप्प झाली. एवढा उंच, एवढा खोल मंच. समोर रांगामागून रांगा आणि वर बाल्कनी. आमच्या दीडशे माणसांना तिथे बसवले असते तर लग्नाच्या मांडवात वऱ्हाड न आल्यासारखे दिसले असते. एकांकिकेतले कुजबुजणे तिथे तिसऱ्या रांगेतच विरून जाते. चिटणीस हळूच म्हणाली, "मॅडम, इथे ओरडावं लागेल." मला वाटते, लहान नाटकाला लहान जागा का हवी, याचे उत्तर तिने तिथल्या तिथे देऊन टाकले.

गिरगावात लहान जागा पूर्वी पुष्कळ होत्या. लक्ष्मीबागेच्या दिवाणखान्यात गवयांच्या बैठका होत, ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवातले गाणे ऐकायला माणसे रस्त्यावर बसत, आणि चाळीच्या चौकात चार बाकडी जोडली की रंगमंच तयार होई. आता चौकात मोटारी उभ्या असतात. आमच्या दिग्दर्शकाच्या चाळीचा चौक पाहून आलो. तिथे एकांकिका करायची तर आधी सात मोटारवाल्यांची संमती लागली असती. गिरगावचे भुयारी मेट्रो स्थानक २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, त्यामुळे येणेजाणे सुखाचे झाले हे खरे. मात्र स्थानकाबाहेर आल्यावर जायचे कुठे, हा आमचा प्रश्न त्याने सुटण्यातला नव्हता.

इथे तारखेच्या व्यवहाराविषयी थोडे सांगायला हवे, नाही तर आमच्या यातायातीचा अर्थ लागणार नाही. मोठ्या नाट्यगृहात दिवसाची तीन सत्रे असतात: सकाळ, दुपार, रात्र. शनिवार-रविवारच्या तारखा म्हणजे सोने. त्या व्यावसायिक निर्मात्यांना आगाऊ वाटल्या जातात आणि ते रास्तही आहे. त्यांच्या नाटकावर वीस-पंचवीस घरे चालतात. हौशी मंडळींच्या वाट्याला येते ती मंगळवारची सकाळ किंवा निर्मात्याने ऐन वेळी सोडलेली तारीख. भाड्याचा आकडा सांगितला जातो तो निव्वळ खोलीचा. मग अनामत रक्कम, विजेचा आकार, वातानुकूलनाचा आकार, साफसफाई आणि वेळ संपल्यावर सुरू होणारा जादा तासाचा मीटर. चार तासांचे सत्र घेतले तर त्यातला एक तास नेपथ्य लावण्यात आणि दिवे जुळवण्यात जातो, अर्धा तास सामान उतरवून टेम्पोत भरण्यात. उरले अडीच. त्यात दोन एकांकिका बसवायच्या म्हणजे मधल्या पंधरा मिनिटांत एका घराचे दुसरे घर करायचे. तालमीत मुले संवाद पाठ करतात त्याहून जास्त वेळ आमच्या मुलांनी खाट उचलण्याचा सराव केला होता.

त्याखेरीज 'सेन्सॉर'. आपण सारे सेन्सॉर म्हणतो, खरे नाव महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. संहिता तिथे द्यायची, प्रमाणपत्र आणायचे, मगच जाहीर प्रयोग. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोगांचा कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडले. आमचे संहिता परीक्षण मात्र चालू राहिले, आणि त्यावर न्यायालयात दादही मागितली गेली. मुलांना मी 'सखाराम बाइंडर'ची १९७२ सालची कथा सांगितली. कमलाकर सारंगांनी त्या नाटकासाठी केलेली कोर्टाची लढाई सांगितली. ती ऐकून एकाने विचारले, "म्हणजे आपलंही अडकलं तर आपण प्रसिद्ध होऊ?" अडकले नाही. त्याचा थोडा विरसच झाला.

दुपारी दादरला उतरलो. दादर म्हणजे मराठी नाटकाची पेठ. १९६५ सालापासून शिवाजी मंदिराच्या दारातल्या फलकांकडे मान वर करून पाहणे हा मध्यमवर्गीय माणसाचा आवडता व्यायाम आहे. त्याच वास्तूत राजर्षी शाहू सभागृह आहे, जवळच धुरू हॉल आहे, शिवाजी पार्काकडे वनिता समाज, सावरकर स्मारक, गोखले रस्त्यावर अमर हिंद मंडळाचे मैदान. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिरात मोठ्या नाट्यगृहाला जोडून लघुनाट्यगृह. नावे घेतली तर वाटेल, जागांना काय तोटा! पण आपल्या मनातला दिवस, आपल्या खिशातले पैसे आणि जागेचा आकार या तिघांची एकमेकांशी पत्रिका जुळेल तर शपथ.

एका सभागृहाचा अनुभव सांगते. नाव सांगत नाही, कारण तसा अनुभव देणारी सभागृहे मुंबईत बरीच आहेत. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते. चहासुद्धा विचारला.

"कार्यक्रम कसला?"

"एकांकिका आहेत. कॉलेजच्या मुलांच्या."

"मग बाई, तीन तासांचे अठरा हजार. अनामत वेगळी."

"विद्यार्थी आहेत हो. काही कमी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? आमच्याकडे साड्यांचं प्रदर्शन लागलं की अख्ख्या दिवसाचं भाडं येतं. ते लोक भिंतीला खिळा ठोकत नाहीत, काळोख करायला खिडक्यांना घोंगड्या लावत नाहीत आणि रात्री अकराला आमच्या शिपायाला ताटकळत ठेवत नाहीत."

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. जमीन सोन्याच्या भावाची. इमारतीला रंग लावायचा, उद्वाहन दुरुस्त करायचे, शिपायाला पगार द्यायचा. सभागृह चालवणारी संस्था बहुधा धर्मादाय, विश्वस्त बहुधा सत्तरीतले. साडीवाला पैसे मोजतो आणि नाटकवाला आदर्शवाद ऐकवतो. चिटणीस जिना उतरताना म्हणाली, "मॅडम, आपण साड्या नेसून प्रदर्शन म्हणून बुकिंग करू या आणि आत नाटक करू या." तिच्या अंगी नाट्यव्यवसायाला लागणारे गुण आहेत, याबद्दल मला संशय उरला नाही.

स्टेशनाकडे परतताना मी मुद्दाम त्यांना छबिलदासच्या गल्लीतून नेले. भाजीच्या पाट्यांमधून, कोथिंबिरीच्या ओल्या देठांवरून घसरत, पिशव्यांचे धक्के खात आम्ही शाळेसमोर उभे राहिलो. "हे?" दिग्दर्शकाचा स्वर निराशेचा होता. त्याने ज्या 'छबिलदास चळवळी'वर माझ्याच परीक्षेत दहा गुणांची टीप लिहिली होती, ती चळवळ एखाद्या संगमरवरी वास्तूत झाली असावी, अशी त्याची समजूत असावी. हो, हेच. शाळा. वर एक सभागृह. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदी मंडळींनी 'आविष्कार' काढली आणि १९७४ सालापासून या शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. दिवसा मुलांचा गलका, संध्याकाळी नाटक. मखमली पडदा नाही, उतरती बैठक नाही. घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि प्रयोगानंतर उचलून ठेवायच्या. नट आणि प्रेक्षक यांच्यात दोन हातांचे अंतर. खालून भाजीवाल्यांची आरोळी, पलीकडून लोकलची धडधड, आणि या गोंगाटात महेश एलकुंचवारांचे, अच्युत वझ्यांचे, तेंडुलकरांचे शब्द. सत्यदेव दुबे, श्रीराम लागू, अमोल पालेकर या गल्लीतून ये-जा करीत. पालेकरांनी बादल सरकारांचे 'जुलूस' केले तेव्हा प्रेक्षकांच्या मधूनच मोर्चा फिरला; तसल्या नाटकाला कमानीचा रंगमंच देऊन उपयोग काय!

मला या साऱ्यात विशेष वाटते ते असे की 'आविष्कार'ने ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही. दुसऱ्या संस्थांनाही परवडेल अशा मोबदल्यात ती मिळत राहिली. दीड दशकाहून अधिक काळ मराठीतल्या, हिंदीतल्या, गुजरातीतल्या प्रायोगिक मंडळींचे ते हक्काचे घर होते. 'छबिलदास' हा शब्द एका शाळेचे नाव न राहता नाटकाच्या एका जातीचे नाव झाला. पुढे ते घर सुटले आणि 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेली. पृथ्वीराज कपूरांच्या स्मरणार्थ जुहूला १९७८ साली उभे राहिलेले पृथ्वी थिएटर सुमारे दोनशे खुर्च्यांचे. तिकडची गोष्ट वेगळी, ते नाटकासाठीच बांधले. छबिलदास कोणी नाटकासाठी बांधलेले नव्हते. स्कॉटलंडातल्या एडिंबरो शहरात १९४७ साली मोठा महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रणाशिवाय तिथे गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी खेळ केले. आज दर ऑगस्टात तिथे शाळा, चर्चची सभागृहे, तळघरे, गुत्त्यांच्या माड्या भाड्याने घेऊन हजारो प्रयोग होतात. तासातासाने जागा वाटून घेतात म्हणे. एकाचे नेपथ्य बाहेर पडते तोच दुसऱ्याचे आत शिरते. मी मुलांना हे सांगत होते, तेवढ्यात एका मावशींनी माझ्या हातात मेथीची जुडी कोंबली आणि "दहाला देते, घ्या ताई" म्हणून विषय पालटला.

आणखी एक गंमत. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपण १९६७ पासून पाहतो आहोत, शिकवतो आहोत. पण ते सबंध नाटक एका भाड्याच्या हॉलात घडते, याकडे आपले लक्ष कितीसे असते? मुंबईची एक हौशी मंडळी गावात प्रयोगाला आलेली, वेळेच्या आधी येऊन रिकाम्या सभागृहात बसलेली. पहिल्याच क्षणी दाराची कडी बाईंच्या बोटाला चावते. परक्या जागेची कडी कशी बसते, कशी निघते, हे ठाऊक नसणे! तारीख मागत हिंडल्यावर मला ते दृश्य नव्याने कळले.

दुसऱ्या रविवारी आम्ही परळला गेलो. खरे तर इथेच आधी यायचे, असे माझे मन सांगत होते आणि इथेच यायला ते कचरतही होते. परळचे दामोदर नाट्यगृह. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली: कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने. १९२२ साली दामोदर हॉल उभा राहिला. गिरणगावातल्या माणसाला 'नाट्यगृह' म्हणजे दामोदर. तिथे कामगार रंगभूमी वाढली, कोकणातली नमने झाली, शक्तीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र सवालजबाब करीत भांडले. आणि कोकणातल्या कुठल्याही गावाचे मुंबईकर मंडळ घ्या, त्याने वर्षातून एकदा दामोदरला नाटक लावले नसेल तर ते मंडळ कसले!

माझे वडील साचेखात्यात होते. आमच्या गावच्या मंडळाचे नाटक दरवर्षी दामोदरला होई, शाळेच्या कौलांसाठी, नाही तर देवळाच्या सभामंडपासाठी. तालमी लालबागच्या एका गाळ्यात, दुसरी पाळी सुटल्यावर, म्हणजे मध्यरात्री. तिकिटे खपवायची घरोघर. एकेका गाळ्यात वीस वीस माणसे राहत, तेव्हा एक गाळा पटला की दोन रांगा भरत. स्त्री-भूमिकेला घरची बाई उभी राहत नसे. त्यासाठी नटी बिदागी देऊन आणायची. ती दोन तालमींना येई आणि सगळ्यांचे संवाद सगळ्यांपेक्षा चोख म्हणून जाई. वडील नेहमी इन्स्पेक्टर होत, कारण त्यांच्या मिशा तशा होत्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आले नाही. वडिलांची गिरणीही त्यांतलीच. पुढे ते एका इमारतीवर रखवालदारीला लागले. नाटक मात्र मंडळाने आणखी काही वर्षे केले. मला आठवते ते त्यांतले एक. मी सात-आठ वर्षांची, आईच्या मांडीवर, आणि वडील दामोदरच्या मंचावर, छातीवर पट्टा, हातात छडी, खलनायकाला दरडावताहेत. दिवसभर फाटक उघडणारा आणि सलाम ठोकणारा तो माणूस तीन तास कोणाला तरी हुकूम सोडत होता. त्या तीन तासांचे भाडे मंडळाने कसे जमवले असेल, हा हिशेब मी आज करू शकते.

१ नोव्हेंबर २०२३ पासून दामोदर बंद झाले. संस्थेच्या शाळेला नवी इमारत हवी होती. जुने नाट्यगृह पाडून पुनर्विकास करायचा, अशी योजना. नवे नाट्यगृह कुठे आणि केवढे, यावरून वाद पेटला. सहकारी मनोरंजन मंडळासारखी तिथेच वाढलेली जुनी संस्था, नाट्य परिषद, कलावंत यांनी निषेध केला. प्रश्न सरकारदरबारी गेला. शाळेची निकड खोटी, असे मी शिक्षिका असून कोणत्या तोंडाने म्हणू? पण शंभर वर्षांच्या त्या जागेवर गिरणगावचाही काही वहिवाटीचा हक्क होता, असे मला वाटते. आम्ही गेलो तेव्हा फाटक बंद होते. रखवालदाराने विचारले, "कोण पाहिजे?" मी म्हटले, "कोणी नाही." मुले काही बोलली नाहीत. मीच त्यांना चालायला लावले.

कामगार मैदानावर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांची लोकनाट्ये झाली, तेव्हा भाडे कोणी कोणाला दिले नसेल. कामगार कल्याण मंडळाची केंद्रे आहेत, तिथेही चौकशी केली. तारखा जुळल्या नाहीत. शेवटी लालबागेत, मसाल्याच्या दुकानांनी नाक झोंबणाऱ्या एका गल्लीत, चिटणिसाच्या आईने सुचवलेली जागा पाहिली. एका ज्ञातिमंडळाचे सभागृह, पहिला मजला, लाकडी जिना. एकशे चाळीस खुर्च्या. बारशी, शोकसभा आणि पहाटेचे योगवर्ग यांच्यासाठी ते दिले जाते. मधोमध दोन लोखंडी खांब. विश्वस्त काका पंच्याहत्तरीचे, पांढरा सदरा, खिशात पेन आणि पेन्सिल दोन्ही.

"काका, नाटक करायचंय," चिटणीस म्हणाली.

"सेन्सॉर आहे?"

आहे म्हटल्यावर त्यांनी अटी सांगितल्या. चपला जिन्यात. मांसाहार नाही. साडेनऊला दिवा मालवायचा. भिंतीला खिळा नाही. भाडे संध्याकाळचे चार हजार. माझ्या तोंडून निःश्वास निघाला तो त्यांना ऐकू गेला असावा, कारण ते म्हणाले, "तीन दिवस घेतलेत तर अकरा."

खांबांवरून दिग्दर्शकांत दोन दिवस कडाक्याचे भांडण झाले. मग एकीने खांबाला पिंपळ केले, दुसऱ्याने लोकलच्या डब्यातला दांडा केला, आणि नृत्यनाट्यातल्या मुलींनी त्याला गुंडाळून ओढण्या बांधल्या. विजेचे प्रकरण जरा बिकट होते. दिवेवाल्याने हजार-हजार वॅटचे आठ स्पॉट आणले होते. वायरमनने मीटर पाहून सांगितले, "एवढे लावलेत तर पस्तीस अँपिअर जातील. फ्यूज उडेल आणि खालच्या मिरचीकांडपाची गिरणीसुद्धा बंद पडेल." तेव्हा चार एलईडी दिव्यांवर भागवले. खिडक्यांना खिळ्याशिवाय घोंगड्या कशा लावल्या, हे मी काकांना सांगितलेले नाही. इथेही लिहीत नाही.

पहिल्या संध्याकाळी साठेक माणसे आली. दुसऱ्या दिवशी खुर्च्या भरल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यात माणसे उभी होती आणि त्यांच्या चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत गेला होता. शेवटची एकांकिका चाळीच्या पुनर्विकासाची होती. एक म्हातारा भाडेकरू करारनाम्यावर सही करायला बसतो, तिथे शेवट. नट एकोणीस वर्षांचा, केसांना पावडर लावलेला. त्याने पेन उचलले, आणि तिसऱ्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "सही करू नको रे बाबा!" हशा पिकला नाही. दुसरा आवाज आला, "मग काय छपराखाली मरू दे त्याला?" पाहता पाहता चारपाच जण बोलू लागले. नट पेन तसेच धरून बसला. संहितेत याची सोय नव्हती. मी विंगेत, म्हणजे कपाटाच्या आड, उभी होते. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. मग त्या मुलाने हळूच मान वर केली आणि त्या बाईंकडे पाहत राहिला. गलका आपोआप विरला. त्याने सही केली की नाही, ते कोणाला दिसण्याआधीच दिवे गेले. आणि ते आम्ही घालवले नव्हते. खालच्या गिरणीने रात्रीचा मसाला कांडायला घेतला होता.

काळोखात टाळ्या पडल्या. कोणी तरी मोबाईलचे दिवे लावले आणि त्या उजेडात खुर्च्या घड्या घालून भिंतीशी गेल्या. पावणेदहा झाले होते. काका दारात उभे होते. जादा वेळाचे पैसे मागतील म्हणून मी पर्स उघडली, तर त्यांनी हाताने नको म्हटले. मी विचारले, "पुढच्या वर्षी मिळेल ना तारीख? हाच आठवडा?"

त्यांनी वही काढली, सावकाश पान उलटले, खिशातले पेन बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले आणि पेन्सिल घेतली. "आमचीसुद्धा बिल्डरशी बोलणी चालू आहेत," ते म्हणाले आणि आमच्या कॉलेजचे नाव लिहू लागले.